सागवान आहे म्हणजे झालं? बोटीसाठी लाकूड निवडतात तरी कसं, समजून घ्या

२९ डिसेंबर २०२५ ला पोरबंदरहून एक जहाज ओमानच्या दिशेनं निघालं आणि १४ जानेवारी २०२६ ला मस्कतला पोचलं. नाव आयएनएसव्ही कौंडिण्य. इंजिन नाही, शिडावर चालणारं. फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नाहीत, नारळाच्या काथ्यानं एकमेकींना शिवलेल्या. अजिंठ्याच्या लेण्यांतल्या पाचव्या शतकातल्या चित्रावरून हे जहाज बेतलं, गोव्यात बांधलं, केरळच्या कारागिरांनी शिवलं आणि २१ मे २०२५ ला कारवारमध्ये ते नौदलात दाखल झालं. त्याचे रील्स तुमच्याही फोनवर येऊन गेले असतीलच.

मी त्या रील्सखालच्या कमेंट्स वाचत बसले होते. बऱ्याच जणांचा प्रश्न एकच, दोरीनं शिवलेलं जहाज समुद्रात टिकतं कसं? आणि त्याखाली उत्तर देणारा एखादा हमखास असतोच, "सागवान असणार भावा, सागवानाला काय होतंय!"

हे उत्तर मला जरा झोंबलं. कारण आमच्या घरी सागवानाची एक फळी आहे, जी दोन वर्षांत चाळणी झाली.

माझ्या मामांची देवगडकडे छोटी होडी आहे. चार वर्षांपूर्वी तळाजवळची एक फळी बदलायची होती. मामांनी पैसे साठवून सागवान आणलं. पावती सागवानाची, वास सागवानाचा, रंगही तोच. फक्त एका कडेला दोन बोटं रुंदीचा फिकट पट्टा होता. रंग लावल्यावर तोही दिसेनासा झाला. दोन हंगाम गेले. जूनमध्ये होडी वर ओढली तर त्या पट्ट्यात टाचणीच्या डोक्याएवढी भोकं. सुरीचं टोक लावलं तर पातं सरळ आत गेलं. त्याच फळीचा बाकीचा भाग मात्र ठणठणीत.

म्हणजे दुकानदारानं लाकूड खोटं दिलं नव्हतं. सागवानच होतं. मग चुकलं काय? बोटीच्या लाकडाचा सगळा विषय खरं तर या एका फळीत आहे.

समुद्रातला सुतार

लाकूड पाण्यात कुजतं असं आपण सरसकट म्हणतो. पण समुद्राच्या पाण्याखाली असलेल्या लाकडाचा खरा शत्रू कुजणं नाही. तो आहे टेरेडो. इंग्रजीत त्याला शिपवर्म, म्हणजे जहाजातला किडा म्हणतात, पण तो किडा नाहीच. तो आपल्या तिसऱ्या-कालवांच्या गोतातला, शिंपल्याचा प्राणी आहे. त्याचं शरीर लांबुडकं, दोरीसारखं आणि शिंपले मात्र डोक्याकडे इवलेसे उरलेले. त्या शिंपल्यांचा तो कानशीसारखा वापर करतो आणि लाकूड किसत आत जातो.

वाईट गोष्ट ही की तो आत शिरतो तेव्हा अगदी बारीक पिल्लू असतो. त्यामुळे बाहेरचं भोक टाचणीएवढंच राहतं. आत तो वाढत जातो, बोगदा रुंद होत जातो आणि फळी आतून पोकळ. बाहेरून रंगवलेली बोट देखणी दिसत असते. लाकूड पचवायला त्याला त्याच्या कल्ल्यांमधले जीवाणू मदत करतात, म्हणजे तो लाकडात नुसता राहत नाही, ते खातोही. कोलंबसच्या चौथ्या सफरीत याच प्राण्यांनी त्याची जहाजं इतकी पोखरली, की १५०३ मध्ये ती जमैकाच्या किनाऱ्याला लावून टाकायची वेळ आली.

या प्राण्याला दोन गोष्टी सोसत नाहीत, गोडं पाणी आणि कोरडी हवा. दोन्ही फार काळ मिळाल्या तर तो मरतो. आता कोकणातल्या बोटीचं वर्ष डोळ्यांसमोर आणा. राज्यात १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. या काळात बोटी वर ओढून झावळ्यांखाली, ताडपत्रीखाली ठेवतात. आपण ही बंदी माशांच्या प्रजननासाठी आहे एवढंच वाचतो, आणि ते बरोबरच आहे. पण पावसाळ्यात होडी वर घ्यायची रीत कायद्याच्या कितीतरी आधीची. त्यात वादळापासून बचाव आहे तसाच लाकडाचाही आहे.

कुजणं हा दुसरा शत्रू, आणि तो येतो वरून. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओल लागते, साधारण २० टक्क्यांच्या वरची. (लाकडातली ओल म्हणजे पूर्ण सुक्या लाकडाच्या वजनाच्या तुलनेत त्यात किती पाणी आहे ते.) पण खारं पाणी या बुरशीला मानवत नाही. तिला लागतं पावसाचं पाणी. म्हणून लाकडी बोट बहुतेक वेळा तळाला कुजत नाही. ती कुजते डेकच्या फटीखाली, केबिनच्या कोपऱ्यात, जिथे पावसाचं पाणी झिरपतं आणि वारा पोचत नाही तिथे.

एकाच बोटीत दोन वेगळे शत्रू, वेगवेगळ्या जागी. म्हणून एकच लाकूड सगळीकडे 'बेस्ट' असू शकत नाही.

झाड तेच, लाकूड दोन प्रकारचं

आता मामांच्या फळीकडे येऊ. बऱ्याच झाडांचं खोड आडवं कापलं की दोन भाग दिसतात. मधला गडद भाग, त्याला गाभा म्हणू. आणि सालीलगतचा फिकट, पांढुरका भाग. झाड जिवंत असताना पाणी वर नेण्याचं काम हा पांढरा भाग करतो. त्यात पिष्ठ असतं, साखर असते, म्हणजे किड्यांचं आणि बुरशीचं आयतं जेवण. झाड वाढतं तसा आतला भाग हे काम सोडून देतो आणि झाड त्यात तेलं, राळ, रंगद्रव्यं भरून ठेवतं. सागवानाचा सगळा लौकिक आहे तो या गाभ्याचा.

पांढरा भाग सागाचा असो की बाभळीचा, समुद्रात त्याची किंमत जवळपास शून्य. मामांच्या फळीवरचा तो दोन बोटांचा पट्टा हाच होता. टेरेडोनं पांढरं तेवढं खाल्लं आणि गाभ्याच्या सीमेवर येऊन थांबला. एखाद्यानं पोळीचा मऊ भाग खाऊन कडा टाकाव्यात तसं.

इथे एक आजचा मुद्दा आहे. जुन्या जंगलातला साग शंभर-दीडशे वर्षांचा असायचा, त्याच्या खोडात पांढरा भाग म्हणजे कडेची एक पट्टी. आज बाजारात येतो तो बराचसा लागवडीचा साग, वीस-पंचवीस वर्षांत तोडलेला. खोड बारीक, गाभा कमी, पांढरा भाग जास्त. दुकानात दोन्ही 'सागवान'च. घरात कपाट करायला फरक पडत नाही. पाण्याखाली पडतो.

सागवानाचं नाव झालं ते उगाच नाही

सागवानाला उगाच खाली ओढायचा हेतू नाही. त्याचा सर्वात मोठा साक्षीदार आजही तरंगतोय. इंग्लंडमधल्या हार्टलपूल इथे 'एचएमएस ट्रिंकोमाली' नावाचं जहाज आहे. १८१७ मध्ये ते मुंबईच्या गोदीत, वाडिया घराण्यातल्या जमशेटजी बमनजी वाडियांच्या देखरेखीखाली, मलबारच्या सागापासून बांधलं गेलं. ब्रिटनच्या तरंगत्या युद्धनौकांमध्ये हे सर्वात जुनं. १८४२ मध्ये इंग्रज आणि चीन यांच्यात नानकिंगचा तह ज्या 'एचएमएस कॉर्नवॉलिस'वर झाला, तेही १८१३ मध्ये मुंबईतच बांधलेलं जहाज.

इंग्रजांकडे स्वतःचा ओक होता, तरी ते सागाच्या मागे का लागले? एक तर मोठाले ओक संपत आले होते. दुसरं कारण जास्त मजेशीर आहे. ओकमध्ये आम्ल असतं, ते लोखंडी खिळे खातं. खिळा गंजतो, त्या गंजानं भोवतीचं लाकूड काळं पडून सडतं आणि मग खिळा आणि लाकूड दोन्ही एकमेकांना सोडतात. सागाचं तेल उलट लोखंडाला सांभाळून घेतं. शिवाय साग सुकला की फार कमी आक्रसतो, ओला झाला की फार कमी फुगतो. जहाजाच्या दृष्टीनं हा गुण ताकदीपेक्षाही मोठा, कारण फळी हलली की फट पडते आणि फट पडली की पाणी.

तरीही ट्रिंकोमालीच्या काळातले कारागीरसुद्धा डोलकाठीला साग आवडीनं वापरत नसत. का, ते पुढे.

बोटीच्या कुठल्या भागाला कुठलं झाड?

तळाचा कणा, म्हणजे ज्यावर सगळी बोट उभी राहते तो लांब ओंडका. वाळूवर घासतो, दगडावर आपटतो, वर्षभर पाण्याखाली. इथे वजन चालतं, उलट हवंच. सागाची घनता घनमीटरला साधारण ६५० किलो, तर साल ८५० च्या आसपास जातो. कोकणात यासाठी ऐन, किंजळ यांसारखी जड, कठीण झाडं वापरली गेली आहेत. ऐन मात्र लहरी लाकूड. घाईनं सुकवला की तडे जातात.

बाहेरच्या फळ्या. इथे हवं ते लाकूड फार जड नको, वाकवता यायला पाहिजे, खिळा मारल्यावर फाटता कामा नये. साग इथला राजा. पण फणसही तितकाच जुना मानकरी, आणि फणसाचं पिवळं लाकूड कोकणाबाहेर कुणाला बोटीशी जोडता येत नाही याचं मला नेहमी नवल वाटतं. केरळमध्ये फणसाचाच रानटी भाऊ, अंजिली, हा बोटीचा मुख्य आधार आहे. ओणमच्या शर्यतीतल्या त्या लांबलचक सर्पनौका अंजिलीच्या. तिथल्या केट्टुवळ्ळम नावाच्या मालवाहू नावाही अंजिलीच्या फळ्या काथ्यानं शिवून करतात. आज ज्यांना आपण हाऊसबोट म्हणून बुक करतो त्यांचा मूळ अवतार तोच. कौंडिण्यची शिवण आभाळातून पडलेली नाही, ती ही.

फासळ्या, म्हणजे आतला सांगाडा. इथे गंमत आहे. बाजारात सरळ झाडाला भाव, आणि बोटीच्या फासळीला हवं वाकडं झाड. सरळ फळीतून वाकडा तुकडा कापला तर लाकडाचे तंतू मध्येच तुटतात आणि फासळी नेमकी तिथेच मोडते. झाड मुळातच वाकडं वाढलेलं असेल तर तंतू वळणासोबत वळतात. म्हणून जुने कारागीर झाडाकडे बघताना खोडापेक्षा फांदीचा कोन बघायचे. कच्छच्या मांडवीत आजही मोठी लाकडी जहाजं बांधतात, तिथे बाहेरच्या फळ्यांना मलेशियातून आलेलं सालाचं लाकूड आणि फासळ्यांना गावठी बाभूळ, हे समीकरण. बाभळीला शेतात कुणी विचारत नाही, जहाजात तिच्याशिवाय पान हलत नाही. आपल्याकडे किनाऱ्यावर वाढणारी उंडी अशीच, खोड वाऱ्यानं तिरकं झालेलं, कामाचं. तिच्या बियांचं तेल पूर्वी दिव्यातही जाई आणि होडीलाही.

डोलकाठी. इथे सगळं उलटं. हलकं, लवचीक, सरळसोट, गाठ नसलेलं झाड हवं. वर जितकं वजन तितकी बोट कलंडायला सोपी. साग यासाठी जड पडतो, इंग्रजांना खटकायचं ते हेच. त्यांच्या कागदपत्रांत 'पून' नावाचं एक झाड पुन्हा पुन्हा येतं, सह्याद्रीतलं, उंडीचंच भाऊबंद, पण सरळ उंच जाणारं. पश्चिम किनाऱ्यावरच्या डोलकाठ्यांसाठी त्याला मोठी मागणी होती.

आणि सर्वात साधी होडी, एकाच खोडातून कोरलेली, तिला आंबा. कोकण, गोवा, कारवार या पट्ट्यात आंब्याच्या खोडाची होडी आणि तोल सांभाळायला बाजूला बांधलेली उलांडी हे जुनं दृश्य. आंब्याचं लाकूड टिकाऊ नाही, किडीला पटकन बळी पडतं. पण खोड जाड मिळतं, कोरायला सोपं जातं, आणि अशी होडी रोज संध्याकाळी वाळूवर ओढून ठेवतात, सुकते. टेरेडोला घर करायला वेळच मिळत नाही. वापरायच्या पद्धतीनं लाकडाची उणीव भरून काढली जाते, याचं याहून चांगलं उदाहरण मला सापडलं नाही.

कापलंय कसं आणि सुकलंय किती?

जात ठरली तरी काम अर्धंच झालं. फळीच्या तोंडाकडे बघा, म्हणजे जिथून ती आडवी कापली आहे तिकडे. झाडाच्या वाढीची वलयं रेषांसारखी दिसतील. त्या रेषा फळीच्या रुंदीला उभ्या असतील तर फळी कमी हलणार. हसऱ्या तोंडासारख्या वळलेल्या असतील तर ती पुढे पन्हाळीसारखी वळणार. कारण लाकूड वलयांच्या कडेनं जेवढं आक्रसतं त्याच्या साधारण निम्मंच ते गाभ्याकडून सालीकडे आक्रसतं. वखारीत उभ्या रेषांची फळी मागितली की भाव वाढतो, कारण तशी कापताना लाकूड जास्त वाया जातं. खोडाचा अगदी मधला बिंदू फळीत आला असेल तर ती फळी सोडून द्या, तडा तिथूनच सुरू होतो.

सुकवण्याबाबत शहरातल्या सुताराचा सल्ला बोटीला चालत नाही. फर्निचरला लाकूड जितकं सुकं तितकं चांगलं, ८ ते १२ टक्के ओल. बोटीच्या फळीला मात्र साधारण १५ ते १८ टक्के हवी. भट्टीत कडकडीत सुकवलेली फळी बसवली तर पाण्यात गेल्यावर ती फुगते, शेजारच्या फळ्यांना ढकलते, खिळे ओढून काढते. ओली फळी बसवली तर उलट, सुकली की फटी. सावलीत, हवेशीर ठेवून इंचभर जाडीला साधारण एक वर्ष, असा जुना हिशोब आहे. कोकणातली दमट हवा एरवी सगळ्यांच्या शिव्या खाते, पण या कामी ती बरोबर पडते. तिथे सावलीत सुकलेलं लाकूड बोटीला लागतं तितकंच सुकतं.

दुरुस्तीचं गणित तर आणखी वेगळं. नव्या बोटीत तुम्ही लाकूड निवडता. दुरुस्तीत जुनी बोट तुम्हाला सांगते काय आणायचं. शेजारच्या फळ्या फणसाच्या असतील आणि मध्ये एकच फळी जड सालाची ठोकली, तर ती वेगळ्या वेगानं फुगणार, वेगळ्या वेगानं आक्रसणार. दोन्ही बाजूंच्या फटींत भरलेला कापूस आणि राळ दरवर्षी सुटणार. महागडं लाकूड लावून बोट आधीपेक्षा जास्त गळते ती अशी. शक्यतो त्याच जातीचं, तितक्याच ओलीचं लाकूड. जोड द्यायचाच तर जाडीच्या निदान आठपट लांबीचा तिरका सांधा. आणि शेजारशेजारच्या फळ्यांचे सांधे एकाच रेषेत येता कामा नयेत, विटांच्या भिंतीसारखे.

मग 'मरीन प्लाय' आणि फायबर?

तुमच्या किचनच्या ट्रॉलीला सुतारानं 'मरीन प्लाय' लावलं असेल तर त्यावर आयएस ७१० असा शिक्का आहे का बघा. मरीन प्लायवूडचं भारतीय मानक ते आहे. आयएस ३०३ वेगळं, ते साध्या प्लायचं. छोट्या होडीत, केबिनमध्ये मरीन प्लाय चांगलं चालतं, पण कापलेली कड उघडी ठेवली की पाणी तिथूनच थरांमध्ये शिरतं.

फायबरच्या होड्यांनी किनारे भरलेत आणि त्याला कारण आहे. टेरेडो फायबर खात नाही, दरवर्षी कापूस भरावा लागत नाही. कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेनं तर रबराच्या झाडाचं स्वस्त लाकूड रसायनानं मुरवून, त्यावर फायबरचं आवरण देऊन होड्या करून दाखवल्या. रबराचं लाकूड एरवी अगदी नाजूक, पण मुरवलं की चालतं. ही कल्पना मला जुन्या सागवानाच्या हळहळीपेक्षा जास्त कामाची वाटते.

धोका आहे तो अर्धवट उपायात. जुनी, ओली लाकडी बोट गळते म्हणून तिच्यावरच फायबरचा थर चढवायचा, हे सर्रास चालतं. आतलं लाकूड ओलं असेल तर ती ओल आता कोंडली जाते. बुरशीला याहून सुखाची जागा नाही. बाहेरून बोट नवी कोरी, आतून भुसा.

लाकूड येणार कुठून?

आता खरा प्रश्न. वर सांगितलेलं ज्ञान किनाऱ्यावर आजही आहे. झाड नाही.

महाराष्ट्रात १९६४ पासून झाडतोडीचं नियमन करणारा कायदा आहे. साग, ऐन, किंजळ, आंबा, फणस, जांभूळ ही झाडं त्याच्या अनुसूचीत आहेत. म्हणजे स्वतःच्या जमिनीतलं झाड असलं तरी परवानगी लागते, आणि लाकूड हलवायला वाहतूक परवाना. यादी नीट वाचली तर लक्षात येतं, होडीला लागणारी बहुतेक झाडं तिच्यात आहेत. कायदा चुकीचा आहे असं मी म्हणत नाही, तो नसता तर कोकणात झाडं किती उरली असती कुणास ठाऊक. पण एक फळी बदलायची असलेल्या मच्छीमाराला आणि ट्रकभर लाकूड नेणाऱ्या व्यापाऱ्याला एकाच दारातून जावं लागतं, आणि त्या दारात थांबायला वेळ व्यापाऱ्याकडे जास्त असतो.

बाहेरून आणायचं तर म्यानमारनं २०१४ मध्ये कच्च्या ओंडक्यांची निर्यात बंद केली. २०२१ च्या लष्करी उठावानंतर अमेरिका आणि युरोपीय संघानं तिथल्या सरकारी लाकूड कंपनीवर निर्बंध घातले. 'बर्मा टीक' हा शब्द आपल्याकडे अजून दर्जाचं प्रमाणपत्र म्हणून वापरतात. पण खरं जुनं बर्मा टीक आज जास्त करून मुंबईत पाडलेल्या जुन्या इमारतींच्या तुळयांमध्ये सापडतं. ते लाकूड बोटीला उत्तम, शंभर वर्षं सुकलेलं. फक्त आत लपलेला खिळा करवतीचं पातं घेऊन जातो.

परदेशी लाकूड म्हणजे परंपरा बुडाली, असंही नाही हं. १९९८ मध्ये इंडोनेशियाच्या बेलितुंग बेटाजवळ नवव्या शतकातलं एक बुडालेलं जहाज सापडलं. तेही शिवलेलंच. त्याच्या फळ्या आफ्रिकेतल्या अफ्झेलिया झाडाच्या आणि आतल्या आडव्या तुळया सागाच्या निघाल्या. त्याची प्रतिकृती, 'ज्वेल ऑफ मस्कत', २०१० मध्ये ओमानहून सिंगापूरला गेली, तिच्यासाठी लाकूड घानाहून आणलं होतं. जहाज बांधणारे हजार-बाराशे वर्षांपासून दुसऱ्याच्या जंगलातलं लाकूड आणत आलेत.

ते कसं घ्यायचं, याबद्दल मराठीत एक जुना मजकूर आहे. 'शिवाजी महाराजांचं पत्र' म्हणून तो व्हॉट्सॲपवर फिरतो. प्रत्यक्षात तो रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'तला आहे, १८ व्या शतकाच्या सुरुवातीच्या काळातला, आणि महाराजांच्या वेळचं धोरण म्हणून सांगितलेला. त्यात आरमारासाठी सागासारखी झाडं परवानगीनं तोडा, कमी पडली तर बाहेरून विकत घ्या, असं आहे. मग येतात आंबा आणि फणस. ही झाडंही जहाजाच्या कामाची आहेत हे तो मान्य करतो, पण त्यांना हात लावू नका म्हणतो. ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेनं लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादं झाड अगदीच जीर्ण झालं असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊन तोडा. जबरदस्ती नको.

शंभर वर्षांनी ईस्ट इंडिया कंपनीनं मलबारात याच्या बरोबर उलट केलं. जहाजांसाठी साग हवा म्हणून १८०६ मध्ये कॅप्टन वॉटसन या पोलीस अधिकाऱ्याला जंगलांवर नेमलं आणि सागावर कंपनीचा हक्क बसवला. व्यापारी आणि शेतकरी इतके वैतागले की १८२० च्या दशकात ते पद गुंडाळावं लागलं. पुढे १८४० च्या दशकात नीलांबूरला साग मुद्दाम लावायला सुरुवात झाली. जगातली सागाची पहिली मोठी लागवड म्हणून ती ओळखली जाते. म्हणजे गोदीला लाकूड कमी पडलं, आणि त्यातून सागाची शेती जन्माला आली.

आणि ती लागवड फक्त सरळ, उंच झाडांची. फासळीला लागणारी वाकडी बाभूळ, तिरकी उंडी कुणी रांगेत लावली नाही. आजही लावत नाही. किनाऱ्यावरच्या एखाद्या गावानं पडीक जागेत होडीसाठी म्हणून उंडी, फणस, किंजळ लावायचं ठरवलं तर पहिली फळी मिळायला तीस-चाळीस वर्षं लागतील. तोवर लाकडी होडी उरेल का, हा प्रश्न मला कुणीही विचारू शकतं आणि माझ्याकडे त्याला ठाम 'हो' नाही.

मामांची फळी

मामांनी ती सागवानाची फळी अजून काढलेली नाही. पोखरलेल्या पट्ट्यात तात्पुरती भर घातली आहे. नव्यासाठी त्यांनी दुकान गाठलं नाही. मागच्या परड्यातला एक जुना फणस दोन पावसाळ्यांपूर्वी वादळात मुळासकट पडला. होडीच्या शेजारच्या फळ्याही फणसाच्याच आहेत. कागदपत्रं, परवानगी सगळं करून ते खोड गिरणीवर नेलं, दीड इंची फळ्या पाडल्या. पांढरा भाग तिथल्या तिथे कापून जळणाला टाकला. मी म्हटलं, "मामा, एवढं लाकूड वाया?" तर म्हणाले, "त्येका खाऊ घालण्यापरास चुलीत घातलेला बरा."

फळ्या सध्या पडवीत आहेत, मध्ये पट्ट्या घालून एकावर एक रचलेल्या, म्हणजे वारा खेळत राहील. दीड इंच म्हणजे दीड वर्ष. ते या जूनमध्ये भरतं. तेव्हा होडी वर येईल आणि फळी बदलेल.